जुळे सोलापूर की पूर्व भाग?

भाचीला सोलापुरात नोकरी लागली, आता भाड्याचं घर शहराच्या पूर्व भागात घ्यायचं की जुळे सोलापूर या नव्या वसाहतीत, हा घोळ. 'शांत, सुरक्षित वसाहत' हे प्रत्येक जाहिरातीत असतं, ते सोडा. दुपारी दोनला आणि रात्री अकराला गल्लीतून चालून बघा.

पूर्व भागात घराला घर चिकटलेलं, यंत्रमागाचा खडखडाट, दारात विड्या वळत बसलेल्या बायका. अनोळखी माणूस शिरला की "कोण पाहिजे?" हे मराठीत नाहीतर तेलुगूत येतंच. अशा गल्लीत भरदिवसा कुलूप तोडणं सोपं नाही. पण गाडी बोळात लावावी लागते. हँडल लॉकवर भागत नाही, चाकाला साखळी हवीच.

जुळे सोलापुरात गाडी कंपाउंडच्या आत राहते, हा मोठा फायदा. रस्ते मात्र रुंद आणि दुपारी सुनसान, म्हणजे गळ्यातली साखळी ओढून पळणाऱ्याला मोकळं रान. नवरा-बायको दोघं कामावर गेले की घराकडे बघायला कुणी नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला निघताना तर शेजारी सांगूनच जावं.

पोलिसांना बोलवायचा 112 नंबर दोन्हीकडे सारखाच.

एकटी राहून पाळीवरून उशिरा येणारी असशील तर पूर्व भाग घे, असं मी तिला सांगितलं. घरात दिवसभर कुणी मोठं माणूस असेल, दारात चारचाकी असेल, तर जुळे सोलापूर.