रोलेक्स एक्सप्लोरर १२४२७०: कित्येक महिने रोज घातल्यावर

रोलेक्सचं ३६ मिमीचं एक्सप्लोरर, रेफरन्स (मॉडेल क्रमांक) १२४२७०, आता कित्येक महिने रोजच्या वापरात आहे. पहिलंच महागडं घड्याळ घ्यायचं आहे, ते घालायचंही आहे आणि घातलेले पैसेही बुडू द्यायचे नाहीत, अशा लोकांसाठी हा अनुभव. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. स्टीलचं, तारीख नसलेलं, वर्षानुवर्षं फारसं न बदललेलं घड्याळ योग्य भावात घ्यावं आणि त्याला पॉलिशचा हात लागू देऊ नये. एवढं पाळलं तर ते रोज वापरूनही किंमत धरून राहतं. कपाटात बंद करून ठेवण्याची काहीच गरज नाही.

न बदलण्याला इतकं महत्त्व का? एक्सप्लोरर १९५३ साली आलं, एव्हरेस्टवर माणूस पोहोचला त्याच वर्षी. काळी डायल, ३, ६, ९ हे आकडे आणि १२ च्या जागी त्रिकोण ही मांडणी तेव्हापासून चालत आली आहे. ३६ मिमीचं १०१६ कित्येक दशकं निघत राहिलं, त्यानंतर १४२७० आणि ११४२७०. २०१० मध्ये २१४२७० ३९ मिमीचं झालं. २०२१ मध्ये १२४२७० आलं आणि कंपनी पुन्हा ३६ मिमीवर परतली. २०२३ पासून ४० मिमीचं २२४२७० सोबतीला आहे. नवं मॉडेल आलं तरी आधीचं जुनाट दिसत नाही, म्हणून त्याला गिऱ्हाईक राहतं. वापरलेलं ३९ मिमीचं घेणार असाल तर एक बघा. २०१६ पूर्वीच्या डायलवर मिनिट काटा आखूड आहे आणि ३, ६, ९ अंधारात चमकत नाहीत. २०१६ मध्ये दोन्ही गोष्टी सुधारल्या. दोन्हींचा भाव एकच सांगत असतील तर नंतरचं घ्या.

३६ मिमी म्हणजे फार लहान, ही भीती मनगटावर घातल्यावर बहुधा जाते. बघायचं माप व्यासाचं नाहीच. लग म्हणजे पट्टा अडकवायची घड्याळाची शिंगं. वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतचं अंतर बघायचं. इथे ते साधारण ४३ मिमी आहे. मनगटाची वरची सपाट बाजू फूटपट्टीने मोजा. ती ४८ मिमीपेक्षा जास्त भरली तर ४० मिमीचंही घालून बघा. तिथे हे छोटं वाटू शकतं. मनगटाचा घेर १५.५ ते १७.५ सेंमी असेल तर मात्र हेच घ्यावं. शर्टाच्या कफखाली ते अडकत नाही.

वेळेबद्दल कंपनीचा दावा दिवसाला जास्तीत जास्त २ सेकंद पुढे किंवा मागे असा आहे, आणि हे घड्याळ त्यात बसतं. मोजताना लोक घाई करतात. एका दिवसाचा आकडा काही सांगत नाही. चावी, म्हणजे बाजूचं फिरवायचं बोंड, फिरवून घड्याळ पूर्ण भरायचं, अचूक वेळेशी काटे जुळवायचे, आठवडाभर घालायचं आणि आलेल्या फरकाला सातने भागायचं. रात्री काढून ठेवताना ते कसं ठेवलं यावरही फरक पडतो. डायल वर, चावी वर, चावी खाली अशा तीन स्थितींत काही रात्री ठेवून बघा. एका स्थितीत घड्याळ थोडं पुढे जातं, दुसरीत थोडं मागे. दिवसभराची चूक रात्रीच्या स्थितीने भरून काढता येते आणि त्यासाठी कुणाकडे न्यावं लागत नाही.

आत ३२३० मशीन आहे. ताशी २८,८०० ठोके, ७० तासांचा साठा. शुक्रवारी रात्री ८ ला काढून ठेवलं तर सोमवारी संध्याकाळपर्यंत चालतं. बंद पडल्यावर हलवून सुरू करू नका. चावीचा आटा उघडा आणि निदान २५ फेरे द्या. अर्धवट भरलेल्या घड्याळाचा वेग बदलतो आणि मग मशीनला उगाच दोष दिला जातो.

या मशीनच्या पिढीबद्दल एक खरी तक्रार आहे आणि घेणाऱ्याने ती माहीत करून घ्यावी. ३२ ने सुरू होणाऱ्या काही मशीनांमध्ये बॅलन्स चाकाचा, म्हणजे मागेपुढे झुलून वेळ राखणाऱ्या चाकाचा, झोका, म्हणजे अ‍ॅम्प्लिट्यूड, काळाने घसरतो आणि घड्याळ दिवसेंदिवस जास्त मागे पडू लागतं. लक्षण ओळखायला सोपं आहे. आधी दिवसाला एखादा सेकंद पुढे असणारं घड्याळ काही महिन्यांत ४-५ सेकंद मागे जाऊ लागतं, आणि रात्रभर काढून ठेवल्यावर फरक वाढतो. टाइमिंग मशीनवर, म्हणजे वेग आणि झोका मोजणाऱ्या यंत्रावर, लावताना त्यातली लिफ्ट अँगल ही सेटिंग ५३ अंश ठेवा, नाहीतर आकडा चुकीचा दिसतो. पूर्ण चावीनंतर लगेच एकदा आणि २४ तासांनी एकदा मोजा. २४ तासांनी उभ्या स्थितीत झोका २०० अंशांच्या बराच खाली असेल तर हमीत द्या. हमी ५ वर्षांची आहे, त्यामुळे हे तपासणं पाचव्या वर्षाच्या शेवटापर्यंत ढकलू नये. वापरलेलं घेत असाल तर टाइमिंग मशीनचा आकडा मागूनच घ्या.

ब्रेसलेट ही या घड्याळाची सर्वांत चांगली बाजू. क्लॅस्पमध्ये, म्हणजे ब्रेसलेट बंद करायच्या खिट्टीत, ईझीलिंक नावाची घडीची कडी आहे. ती उघडली की ब्रेसलेट ५ मिमीने सैल होतं. उकाड्यात मनगट फुगतं तेव्हा दोन सेकंदांत आराम मिळतो. कड्या काढून माप बसवताना ईझीलिंक बंद ठेवा, म्हणजे वाढायला जागा उरते. दोन्ही बाजूंच्या कड्या सारख्याच काढायच्या असंही नाही. क्लॅस्प मनगटाखाली बरोबर मध्ये यायला हवा, आणि त्यासाठी एका बाजूची एक कडी जास्त काढावी लागू शकते.

कड्यांना स्क्रू आहेत आणि ते आपोआप सुटू नयेत म्हणून त्यांना कारखान्यातच लॉकिंग द्रव लावलेला असतो. जोर करून फिरवला तर खाच खराब होते, किंवा स्क्रूड्रायव्हर निसटून कडीच्या चकचकीत कडेवर लांब ओरखडा पडतो. बाजारात वापरलेल्या ब्रेसलेटवर हा ओरखडा सर्रास दिसतो. खाचेच्या रुंदीचंच पातं घ्या, कडी गरम हवेने थोडी तापवा, शेजारच्या कडीवर चिकटपट्टी लावा आणि मगच फिरवा. परत बसवताना कमी ताकदीच्या लॉकिंग द्रवाचा एक थेंब पुरतो. काढलेल्या कड्या डब्यात ठेवा. पुढचा गिऱ्हाईक जाड मनगटाचा असेल तर त्या नसल्याने सौदा मोडतो.

लगमधली रुंदी १९ मिमी आहे, हा मात्र त्रास आहे. २० मिमीचे पट्टे भरपूर मिळतात, १९ चे कमी. लगला बाहेरून भोक नाही, म्हणून ब्रेसलेट काढताना ब्रेसलेट लगमध्ये धरून ठेवणारी स्प्रिंगची दांडी, म्हणजे स्प्रिंग बार, आतून दाबावी लागते आणि लगच्या आतल्या बाजूला चरे पडतात. दोन्ही टोकं एकदम दाबणारा चिमटा वापरा आणि लगवर आधी टेप लावा.

ओरखड्यांकडे येतो, कारण किमतीचा निम्मा खेळ इथे आहे. बेझल, म्हणजे काचेभोवतीचं कडं, गुळगुळीत आणि चकचकीत आहे, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात त्यावर केसासारख्या रेषा दिसू लागतात. क्लॅस्पवर टेबलाला घासून आडवे ओरखडे येतात. लगचा वरचा भाग बारीक उभ्या रेघांचा आहे आणि बाजू आरशासारखी. दोन्हींमधली कड तीक्ष्ण असते. नीट बघणारा घेणारा भिंग लावून आधी हीच कड बघतो. ओरखडे ही वापराची खूण, ती कुणी फार मनावर घेत नाही. पॉलिश केल्यावर धातू कायमचा जातो, कड गोल होते, लग बारीक होतात, आणि वरच्या रेघा हाताने परत मारल्या असतील तर त्या तिरक्या दिसतात. दोन-तीन पॉलिशनंतर केसचा, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या पेटीचा, आकारच बदलतो. म्हणून घड्याळ कुठेही सर्व्हिसला देताना पावतीवर ‘पॉलिश करू नये’ असं लिहून घ्यावं. तोंडी सांगितलेलं काउंटरपासून वर्कशॉपपर्यंत पोहोचेलच असं नाही.

स्वच्छता मात्र हवी. कड्यांच्या सांध्यात धूळ आणि घाम मिसळून करडा चिखल तयार होतो आणि तो आतून धातू झिजवतो. ढिलं, लोंबणारं ब्रेसलेट बहुतेकदा याचंच फळ असतं. चावी पूर्ण घट्ट करा, कोमट पाणी, सौम्य साबणाचा थेंब आणि मऊ दातांचा ब्रश घ्या, क्लॅस्प उघडून आतूनही घासा. घड्याळ १०० मीटरपर्यंत जलरोधक आहे, त्यामुळे नळाच्या पाण्याची भीती नाही. गरम वाफेत मात्र नेऊ नये, पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगा लवकर म्हाताऱ्या होतात. चावी बंद करताना ती हलक्या दाबाने आधी उलटी फिरवा. आटा जागेवर बसल्याचं बोटाला जाणवतं. मग सुलटी फिरवा. तिरक्या आट्यावर जोर केला तर चावी जिच्यावर बसते ती ट्यूब बदलावी लागते.

आता पैशांचं. समजा कंपनीच्या यादीतली किंमत १०० आहे. वापरलेल्या घड्याळांच्या बाजारात तेच ११० ला दिसतं. ते ११० म्हणजे विकणाऱ्याची अपेक्षा. तोच व्यापारी तुमच्याकडून घेताना ९५ देईल. तुम्ही १०० ला घेतलं असेल तर तोटा ५ चा, ११० ला घेतलं असेल तर १५ चा. घड्याळ तेच, फरक फक्त खरेदीच्या दिवसाचा. २०२२ च्या सुरुवातीला भाव शिगेला होते आणि नंतर उतरले. त्या काळात यादीच्या कितीतरी वर पैसे मोजणाऱ्यांना हा हिशेब फार महागात पडला. म्हणून मागितलेले भाव बघू नका, झालेल्या विक्रीचे भाव बघा, आणि त्यातून दलाली, विमा व सर्व्हिसचा खर्च वजा करा.

अधिकृत विक्रेत्याकडे यादीच्या भावात मिळत असेल आणि थांबायची तयारी असेल तर थांबावं. घड्याळ मिळण्यासाठी आधी नको असलेला दागिना किंवा दुसरं घड्याळ घ्या असं सुचवलं गेलं, तर त्या वस्तूवर जाणारा तोटा एक्सप्लोररच्या किमतीत मिळवून बघा. बहुतेक वेळा वापरलेलं, पूर्ण संचातलं घड्याळच स्वस्त पडतं.

संचात मुख्य वस्तू हमीचं कार्ड. डबा, पुस्तिका मागाहूनही मिळतात, कार्ड मिळत नाही. कार्डावरचा अनुक्रमांक घड्याळातल्या अनुक्रमांकाशी अक्षर न अक्षर जुळायला हवा. १२४२७० वर तो काचेखालच्या आतल्या कड्यावर, ६ च्या जागी कोरलेला असतो. हे अनुक्रमांक आता क्रमाने दिले जात नाहीत, त्यामुळे त्यावरून बनवल्याचं वर्ष सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. डायलच्या तळाशी ‘स्विस’ आणि ‘मेड’ यांच्यामध्ये छोटा मुकुट असतो, ती नव्या मशीनची खूण. नकलेतही हे सगळं असू शकतं, म्हणून पैसे देण्याआधी मागचं झाकण उघडून स्वतंत्र घड्याळजीकडून मशीन बघून घ्या. या तपासणीला नकार देणाऱ्याकडून घड्याळ घेऊ नये.

याच टप्प्यावर आणखी दोन घड्याळांचा विचार होतो. ट्यूडर ब्लॅक बे फिफ्टी-एट ३९ मिमीचं, २०० मीटर जलरोधक, ७० तासांचा साठा, किमतीने बरंच कमी आणि सहज मिळणारं. ओमेगा स्पीडमास्टर मूनवॉच ४२ मिमीचं, हाताने चावी द्यायचं, १५,००० गॉसचं चुंबकत्व सोसणारं. दोन्ही उत्तम घड्याळं आहेत, पण साधारणपणे दुकानाबाहेर पडताच यादीच्या खाली विकली जातात. त्यामुळे ती थोडी वापरलेली घ्यावीत. पहिली घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते आणि पुढची उतरण संथ असते. चुंबकाजवळ काम असेल, मोठ्या स्पीकरांशी किंवा वैद्यकीय यंत्रांशी संबंध असेल, तर मी एक्सप्लोररऐवजी स्पीडमास्टरच सुचवेन.

सर्व्हिस साधारण १० वर्षांनी करावी असं कंपनी सांगते. रबरी रिंगा त्याआधी कोरड्या पडतात, म्हणून पोहत असाल तर दरवर्षी प्रेशर टेस्ट करून घ्या. सर्व्हिसला देताना डायल आणि काटे बदलू नयेत हेही लिहून घ्या. बदललेले मूळ भाग परत मिळतीलच असं नाही, आणि मूळ डायल हरवलेल्या घड्याळाला पुढे कमी भाव येतो. सर्व्हिसची पावती हमीच्या कार्डासोबत त्याच पाकिटात ठेवा.