कांद्याच्या चाळीपासून सीड फंडापर्यंत: निधी-प्रयास आणि स्टार्टअप इंडिया सीड फंड वापरल्यानंतर

साठवलेल्या कांद्यात सड सुरू झाली की ढिगाला वास सुटायच्या आत शेतकऱ्याला फोनवर इशारा मिळावा, असं यंत्र आम्ही दोघं मिळून बनवतोय. मी इलेक्ट्रॉनिक्सचा. माझा भागीदार निफाड तालुक्यातला, घरची चाळ (कांदा साठवायची हवेशीर शेड) असलेला. प्रोटोटाइपसाठी, म्हणजे पहिल्या चालत्या नमुन्यासाठी, आम्ही केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘निधी-प्रयास’ योजना घेतली आणि त्यानंतर ‘स्टार्टअप इंडिया सीड फंड’मधून अनुदान घेतलं. या योजनांत पैसे कसे मिळवायचे हे सांगणारे व्हिडिओ ढीगभर आहेत, पण पैसे मंजूर झाल्यावर पुढचे महिने कसे जातात हे फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून हा सविस्तर अनुभव.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. दोन्ही योजनांत पैसा सरकारचा असला तरी तो तुमच्या खात्यात जमा करतं ते इन्क्युबेशन केंद्र, म्हणजे नव्या उद्योगांना उभं राहायला मदत करणारी संस्था. छाननी तेच करतं, टप्पे तेच ठरवतं, हप्ता तेच सोडतं, मेंटॉर (मार्गदर्शक) तेच देतं आणि हिशेबही तेच मागतं. त्यामुळे योजनेची माहितीपुस्तिका दोन स्टार्टअपसाठी अगदी सारखी असूनही दोघांचे अनुभव जमीन-अस्मानाइतके वेगळे असू शकतात. लोक विचारतात, ‘कुठली योजना घेऊ?’ माझं ठाम मत आहे की आधी केंद्र निवडा आणि मग त्या केंद्राकडे कुठल्या योजना आहेत ते बघा.

आता योजनांबद्दल, थोडक्यात. निधी-प्रयासमध्ये कल्पनेपासून चालत्या प्रोटोटाइपपर्यंत जाण्यासाठी १० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. वस्तू हाताला लागणारी हवी, नुसतं ॲप किंवा सॉफ्टवेअर चालत नाही. सीड फंडमध्ये दोन दारं आहेत. कल्पना सिद्ध करणं, प्रोटोटाइप आणि चाचण्या यांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान, आणि बाजारात उतरण्यासाठी, व्यवसाय वाढवण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय कर्जरोखे (पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज). अनुदानाच्या बदल्यात कंपनीतला हिस्सा द्यावा लागत नाही. २०२१ साली ९४५ कोटींच्या तरतुदीनं, चार वर्षांसाठी ही योजना सुरू झाली. त्यामुळे अर्जाची तयारी करण्याआधी सध्या कुठलं केंद्र अर्ज घेतंय हे पोर्टलवर नक्की बघा.

यात एक खाचखळगा आहे आणि तो फार जणांना उशिरा कळतो. सीड फंडसाठी अर्ज करताना कंपनी स्थापन होऊन दोन वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला चालत नाही. प्रयाससाठी मात्र कंपनीची गरजच नाही, व्यक्ती म्हणूनही अर्ज करता येतो. हार्डवेअरमध्ये पहिला नीट चालणारा नमुना हाती यायला वर्ष सहज जातं. उत्साहाच्या भरात आधी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली की ते वर्ष दोन वर्षांच्या मुदतीतून वजा होतं. आम्ही प्रयास व्यक्तीच्या नावावर घेतलं, यंत्र चाळीत टिकतंय अशी खात्री झाल्यावर कंपनी नोंदवली, लगेच डीपीआयआयटी या केंद्र सरकारच्या उद्योग विभागाची स्टार्टअप म्हणून मान्यता काढली (ती मोफत मिळते, एजंटला पैसे देऊ नका) आणि मग सीड फंडकडे गेलो. हा क्रम आम्हाला आमच्या केंद्रातल्या एका ज्येष्ठ मेंटॉरनी सुचवला. तेवढ्या एका सल्ल्यानं आम्हाला पुढची दोन वर्षं मोकळी मिळाली.

दुसरी अट रकमेची. केंद्र सरकारच्या किंवा राज्याच्या इतर योजनांतून आधीच १० लाखांपेक्षा जास्त आर्थिक मदत घेतली असेल तर सीड फंड मिळत नाही. प्रयासची पूर्ण रक्कम घेतली तरी माणूस बरोबर काठावर राहतो, पण त्यात आणखी एखादं छोटं अनुदान मिळवलं की बाहेर. स्पर्धेतलं बक्षीस, प्रयोगशाळेची सोय, सवलतीतली बसायची जागा हे यात धरत नाहीत. आपल्याला मिळालेल्या प्रत्येक रुपयाचा तक्ता पहिल्या दिवसापासून ठेवा.

मेंटॉरिंगबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचंय, कारण आमचं यंत्र आज जसं आहे तसं ते मेंटॉरिंगमुळेच आहे.

केंद्रानं आम्हाला जे सर दिले ते आयुष्यभर कारखान्यांत मोजमापाची उपकरणं बसवून निवृत्त झालेले. पहिल्याच भेटीत त्यांनी आमचं प्रेझेंटेशन बंद करायला लावलं आणि डबा हातात घेतला. उलटासुलटा केला, झाकणाचा एक स्क्रू काढला आणि मुद्दाम खाली सोडला. ‘अरे, हा चाळीत पडला तर कांद्याच्या ढिगात कुठे शोधणार तो माणूस?’ मग सेन्सरपुढच्या जाळीवर बोट ठेवून विचारलं, ‘इथे पापुद्रा अडकला तर?’ चाळीत कांदा हलला की वाळक्या पापुद्र्यांचा बारीक भुसा उडतो आणि सगळीकडे बसतो. सर आमच्याबरोबर निफाडला आले, भागीदाराच्या चाळीत डबा रात्रभर ठेवला आणि सकाळी जाळी उघडून दाखवली. भुशाचा तपकिरी थर बसला होता आणि त्यामागचा गॅस सेन्सर जवळजवळ काहीच सांगत नव्हता. त्यानंतर स्क्रू झाकणालाच अडकून राहतील असे घेतले, जाळी खालच्या बाजूला तिरकी नेली आणि ती ब्रशनं साफ करता येईल अशी केली. हे कुठल्याही वर्गात शिकवलं जात नाही.

दुसरे मेंटॉर लासलगावच्या बाजूचे कांदा व्यापारी. ते केंद्राच्या मेंटॉरांच्या पॅनेलवर (यादीत) नव्हते, केंद्राच्या मॅनेजरनी स्वतः ओळख काढून त्यांना बोलावलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला: ‘इशारा आला, बरं. मग शेतकऱ्यानं करायचं काय?’ एप्रिल-मेमध्ये भरलेली चाळ जुलैत अख्खी उपसून निवडणं परवडत नाही, मजुरीच तेवढी होते. म्हणून सड चाळीच्या नेमक्या कुठल्या खणात आहे हे कळलं तरच त्या इशाऱ्याला किंमत. तेवढाच खण उघडायचा, चांगला माल आधी बाजारात काढायचा. या एका प्रश्नामुळे आम्ही एका मोठ्या, महाग यंत्राऐवजी खणागणिक एक छोटा, स्वस्त डबा अशी रचना केली. विक्रीचा हिशेबही बदलला: शेतकरी पहिल्या वर्षी दोनच खणांत लावून बघतो, पटलं तर पुढे.

याउलट नुसत्या पॅनेलवरच्या मेंटॉरिंगचा उपयोग मला कमी वाटला. तासाभराचा ऑनलाइन कॉल, समोर मोठ्या पदावरचे गृहस्थ, सल्ला ‘मार्केट मोठं दाखवा’. त्यांचा हेतू चांगलाच असतो, पण आपला माल ज्या धुळीत चालणार ती धूळ त्यांनी पाहिलेली नसते. मेंटॉर मागताना नाव आणि पद बघू नका. ‘आमच्यासारख्या गिऱ्हाईकाला काहीतरी विकलेला माणूस द्या’ असं स्पष्ट मागा. चांगलं केंद्र असा माणूस शोधून देतं.

प्रशिक्षणाचं मिश्र आहे. गिऱ्हाईकाच्या मुलाखती कशा घ्यायच्या, खर्चावर किंमत कशी बसवायची, पेटंटचा शोध कसा घ्यायचा ही सत्रं उत्तम झाली. पेटंटच्या सत्रामुळे तर थेट पैसे वाचले. स्टार्टअपला पेटंट अर्जाच्या शुल्कात ८० टक्के सवलत असते, म्हणजे मोठ्या कंपनीला ऑनलाइन अर्जाला जिथे ८,००० रुपये लागतात तिथे १,६०० पुरतात. तपासणी लवकर करून घेण्याची सोयही स्टार्टअपला आहे. पिच डेकच्या, म्हणजे गुंतवणूकदारांना दाखवायच्या सादरीकरणाच्या, सत्रांचा मात्र अतिरेक होता. अजून एकही डबा विकला गेला नसताना गुंतवणूकदारापुढे उभं राहायचा सराव करण्यात आठवडे घालवू नयेत, असं मला वाटतं.

भाषेचा मुद्दाही इथेच मांडतो. अर्ज, सत्रं, समितीपुढचं सादरीकरण सगळं इंग्रजीत. आमच्याच तुकडीत एक मुलगा होता, आयटीआय झालेला, स्वतःच्या हातानं ठिबकच्या नळ्या गुंडाळायचं यंत्र बनवलेला. यंत्र अप्रतिम. समितीपुढे तो अडखळला, कारण काय म्हणायचंय ते त्याला मराठीत पक्कं माहीत होतं आणि बोलायचं होतं इंग्रजीत. त्याला नकार आला. महाराष्ट्रातल्या केंद्रांनी सादरीकरण मराठीत करायची मुभा द्यायलाच हवी. समितीतले बहुतेक लोक मराठीच असतात, अडचण काहीच नाही. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे कार्यक्रम मराठीत होतात, तंत्रज्ञानाच्या इन्क्युबेटरांनीही ते करावं.

पैशाबद्दल. मंजूर रक्कम एकरकमी मिळत नाही, ती टप्प्याटप्प्यानं, ठरलेलं काम दाखवल्यावर मिळते. तत्त्व योग्यच आहे. पण शेतीशी संबंधित उत्पादनाला हंगाम असतो आणि फाइलला नसतो. आमच्या सीड फंडच्या दुसऱ्या हप्त्याची फाइल केंद्रात एका सहीसाठी अडकून राहिली, तोवर चाळी भरून झाल्या होत्या. ठरवलेल्या चाळींपैकी निम्म्याहून कमी ठिकाणीच यंत्रं बसली आणि त्या वर्षाची माहिती अर्धीच मिळाली. केंद्राचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथल्याच लोकांनी आम्हाला बाकी सगळी मदत केली. पण तुम्ही करार करताना टप्पे महिन्यांत न लिहिता हंगामावर लिहून घ्या: ‘रब्बी कांदा चाळीत जाण्याआधी इतकी यंत्रं तयार’ अशा शब्दांत. मग हप्ता कधी लागणार हे फाइल बघणाऱ्यालाही दिसतं.

खरेदीचं व्यवस्थित समजून घ्या. वेगळं बँक खाते, ठरावीक रकमेच्या वर तीन कोटेशनं, प्रत्येक गोष्टीचं जीएसटी बिल, शेवटी सीएच्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला). पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एखादा सुटा भाग पाच मिनिटांत मिळतो, पण कच्च्या पावतीवर घेतलेला भाग हिशेबात धरला जात नाही. आमच्या केंद्रातल्या अकाउंट्सच्या ताई पहिल्याच आठवड्यात सगळ्या तुकडीला बसवून नमुना व्हाउचर भरून दाखवतात. मला विचाराल तर केंद्राचा दर्जा ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण आहे. भेटीला जाल तेव्हा सीईओंशी बोलणं झाल्यावर अकाउंट्सच्या टेबलाशी दहा मिनिटं उभे राहा आणि मागच्या तुकडीतल्या एखाद्याचा फोन नंबर मागा. त्याला विचारा, दुसरा हप्ता किती दिवसांत आला.

सीड फंडच्या एकाच अर्जात तीन केंद्रं पसंतीक्रमानं टाकता येतात. आपल्या क्षेत्राचं केंद्र पहिलं टाका, शहर नंतर बघा. जैवतंत्रज्ञान, रसायनं, मटेरियल सायन्स असेल तर पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर, गुंतागुंतीची अभियांत्रिकी असेल तर आयआयटी मुंबईचं साइन, अशी केंद्रांची स्वतःची ताकद असते. आम्हाला राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयातल्या शास्त्रज्ञांशी बोलता येईल असं केंद्र हवं होतं, त्यावरच निवड केली. आणि एक लक्षात असू द्या: सीड फंडच्या निवडीसाठी किंवा पैसे देण्यासाठी केंद्रानं स्टार्टअपकडून फी घ्यायची नसते. कुणी ‘प्रोसेसिंग’ मागितलं तर तिथून उठा.

पहिलं गिऱ्हाईक मिळवायला राज्याच्या नावीन्यता सोसायटीचा स्टार्टअप सप्ताह चांगला आहे. निवड झालेल्यांना सरकारी विभागात उत्पादन वापरून दाखवण्यासाठी कार्यादेश (कामाची सरकारी ऑर्डर) मिळतो. अनुदानापेक्षा कार्यादेशाची मला जास्त किंमत वाटते, कारण त्यात कुणीतरी यंत्र वापरायला घेतलेलं असतं. आम्ही तिथे अर्ज करणार आहोत.

ज्यांचं काम निव्वळ सॉफ्टवेअरचं आहे, ज्यांना दोन-तीन महिन्यांत पैसे हवेत, किंवा ज्यांच्याकडे घर चालवायला दुसरी सोय नाही, त्यांनी फक्त या अनुदानांवर विसंबू नये. घरखर्चासाठी ‘निधी’ याच सरकारी कार्यक्रमाची उद्योजक-निवासी (आंत्रप्रेन्योर-इन-रेसिडेन्स) फेलोशिप आहे, तिच्यात महिन्याला ३० हजारांपर्यंत मिळतात. नोकरी सोडायच्या आधी ती बघा. ज्यांचं उत्पादन हाताला लागणारं आहे, तांत्रिक धोका खरा आहे आणि बँक ज्यांना दारात उभं करणार नाही, त्यांच्यासाठी मात्र याहून चांगला पैसा मला माहीत नाही.

५० लाखांच्या कर्जाचा निर्णय आम्ही पुढच्या रब्बीनंतर घेऊ. अटी चांगल्या आहेत: व्याज रेपो दरापेक्षा (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं कर्ज देते त्यापेक्षा) जास्त नाही, तारण नाही, प्रवर्तकाची वैयक्तिक हमी नाही, मुदत जास्तीत जास्त ६० महिने. पण कर्ज ते कर्ज. यंत्र लावलेल्या शेतकऱ्यांपैकी किती जण दुसऱ्या वर्षी स्वतःच्या पैशानं उरलेल्या खणांसाठी डबे घेतात हा आकडा आधी हातात यायला हवा. तो आला की इथेच खाली लिहीन. तोवर अर्ज करणाऱ्या कुणाला टप्पे कसे लिहायचे किंवा कोटेशनांचा नमुना हवा असेल तर विचारा, आमचे आहेत ते देतो.