आफ्रिका आणि आंतरराष्ट्रीय कायदा: प्रबंधासाठी चारांतला कोणता विषय घ्यावा?

सिनॉप्सिस द्यायची तारीख जवळ आली की दरवर्षी एकदोन फोन येतातच. "सर, आफ्रिकेवर काहीतरी करायचंय." काय करायचंय, असं विचारलं की पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "विकसनशील आफ्रिकी देशांचे प्रश्न आणि आंतरराष्ट्रीय कायदा." हा विषय नाही, हे ग्रंथालयातलं अख्खं कपाट झालं. चोपन्न देश, कुठे फ्रेंच वळणाचा कायदा, कुठे इंग्रजी, कुठे पोर्तुगीज. सगळ्यांना एका शीर्षकात कोंबलं की युरोपीय सत्तांनी आफ्रिका वाटून घेतली त्या बर्लिन परिषदेवरचं पहिलं प्रकरण आणि 'उपाययोजना' नावाचं शेवटचं, एवढंच हाती उरतं. मधली पानं कशीबशी भरायची.

विद्यार्थी फिरून फिरून ज्या चार वाटांवर येतात त्या अशा: सीमावाद, हेगचं फौजदारी न्यायालय (देशांवर नव्हे, व्यक्तींवर खटले चालवणारं), परदेशी गुंतवणुकीचे लवाद आणि आफ्रिकेची स्वतःची मानवी हक्क यंत्रणा. यातली एक निवडायची तर मी तीनच गोष्टी बघतो. मूळ कागद हाताशी येतात का? भांडण अजून जिवंत आहे का? आणि इथे बसून लिहिणाऱ्याकडे त्यात भर घालण्यासारखं काही आहे का? या तिसऱ्या प्रश्नावर मी स्वतः एकदा आपटलोय, ते पुढे येईल.

वाट कुठलीही घ्या, अभ्यासकांची दोन घराणी भेटणार. नायजेरियाचे तस्लीम एलियस पुढे आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या पिढीचं म्हणणं असं, की वसाहती यायच्या आधीही आफ्रिकेतली राज्यं करार करत होती, दूत पाठवत होती. या कायद्याला आम्ही परके नाही, आम्हाला पंगतीत बसवा. नंतरचे लोक विचारतात, पंगत कोणाच्या घरी आहे आणि वाढपी कोण आहे? केनियाचे मकाऊ मुटुआ आणि जेम्स गाथी, आपल्याकडे जेएनयूत शिकवलेले बी. एस. चिमणी ही या बाजूची नावं. तिसऱ्या जगाच्या या दृष्टिकोनाला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'ट्वेल' म्हणतात. त्यांच्या रागामागे प्रसंग आहेत. इथिओपिया आणि लायबेरियानं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नैऋत्य आफ्रिकेचा, म्हणजे आजच्या नामिबियाचा, खटला चालवला. १९६६ मध्ये मतं सात-सात पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतानं तो फेटाळला गेला. कारण काय, तर फिर्यादी देशांचा यात स्वतःचा कायदेशीर हितसंबंध नाही! पुढे कितीतरी वर्षं आफ्रिकी देश या न्यायालयाकडे संशयानं बघत राहिले, ते उगाच नाही.

सीमावाद

कागदांच्या बाबतीत ही वाट सर्वांत श्रीमंत. १९६४ मध्ये कैरोला आफ्रिकी एकता संघटनेनं ठराव केला: स्वातंत्र्याच्या दिवशी जी सीमा होती तीच पाळायची. सोमालिया आणि मोरोक्कोला ते मान्य नव्हतं, बाकीच्यांनी मान तुकवली. या तत्त्वाला लॅटिनमध्ये 'युटी पॉसिडेटिस' म्हणतात आणि त्याचा पाठ्यपुस्तकी निकाल म्हणजे बुर्किना फासो विरुद्ध माली, डिसेंबर १९८६. खटला चालू असतानाच, १९८५ च्या नाताळात, दोन्ही देश काही दिवस लढलेसुद्धा.

हा निकाल वाचताना तलाठ्याच्या दप्तरात बसल्यासारखं वाटतं. फ्रेंचांनी १९३२ मध्ये अपर व्होल्टा (आजचा बुर्किना फासो) ही वसाहत मोडून शेजाऱ्यांत वाटली आणि १९४७ मध्ये पुन्हा जोडली. मधल्या काळातला, १९३५ चा एक प्रशासकीय आदेश काही गावं आज मालीत असलेल्या मोप्ती जिल्ह्याकडे ठेवतो. न्यायाधीश त्या आदेशातल्या शब्दांवर पानंच्या पानं खर्च करतात: यानं नवी हद्द आखली, की होती तीच सांगितली? सूम नावाच्या पाणवठ्याबद्दल कुठल्याच कागदात नीट काही सापडत नाही, तेव्हा न्यायालय तो दोन्ही देशांत निम्मा-निम्मा वाटून देतं. सातबाऱ्यावरून भावाभावांत लागलेली भांडणं ज्यांनी जवळून पाहिलीत त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल.

अडचण अशी, की तत्त्वावरचा वाद आता शिळा झालाय. वसाहतीच्या रेषा चांगल्या की वाईट, यावर दोन्हीकडून लिहून संपलंय. जिवंत कोपरा आहे तो समुद्राचा. सोमालिया-केनिया खटल्यात केनियानं सुनावणीलाच यायचं नाकारलं, तरी २०२१ मध्ये निकाल लागला. २०२५ च्या मे महिन्यात गॅबन आणि विषुववृत्तीय गिनीच्या बेटांचा निकाल आला, त्यावर अजून फारसं लिहून झालेलं नाही. फ्रेंच येत असेल तर ही वाट धरा. येत नसेल तर नका धरू. भाषांतरावर विसंबून नकाशांचा वाद लिहिता येत नाही.

हेगचं फौजदारी न्यायालय

सगळ्यात जास्त मुलं इथे येतात. मीही आलो होतो. २००९ च्या मार्चमध्ये सुदानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीर यांच्यावर अटक वॉरंट निघालं आणि त्या वर्षी आमच्या बॅचमध्ये तिघांनी तोच विषय घेतला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझा प्रबंध चाळला आणि शांतपणे विचारलं, "यातलं तुमचं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आजही अडचण तीच आहे. न्यायालय फक्त आफ्रिकेच्या मागे लागतं ही तक्रार, आणि युगांडा, काँगो, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक यांनी आपली प्रकरणं स्वतःहूनच पाठवली हे त्यावरचं उत्तर, दोन्ही पाठ झालेली. केनियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष केन्याटा यांच्यावरचे आरोप २०१४ मध्ये मागे घेतले गेले, बुरुंडी २०१७ मध्ये बाहेर पडला, यावर लेखांचा ढीग पडलाय. त्यातून भारत या न्यायालयाचा सदस्यच नाही, त्यामुळे इथून लिहिताना गॅलरीत बसल्यासारखं होतं. हट्टच असेल तर हेग सोडा आणि डाकारला जा. चाडचे माजी हुकूमशहा हिसेन हाब्रे यांना सेनेगलमध्ये खास उभारलेल्या आफ्रिकी न्यायपीठानं २०१६ मध्ये दोषी ठरवलं. एका आफ्रिकी देशाच्या प्रमुखाचा निवाडा दुसऱ्या आफ्रिकी देशात झाला, आणि त्यावर हेगच्या मानानं लिहिणारे कमी आहेत.

गुंतवणुकीचे लवाद

माझं मत इकडे झुकतं, ते आधीच सांगून टाकतो.

टांझानियात दार-एस-सलामच्या पाणीपुरवठ्याचं काम २००३ मध्ये ब्रिटिश-जर्मन जोडीच्या बायवॉटर गॉफच्या कंपनीकडे गेलं. कंपनीची सुरुवातीपासूनच ओढाताण. मे २००५ मध्ये मंत्र्यांनी करार संपल्याचं जाहीर केलं आणि थोड्याच दिवसांत कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना देशाबाहेर काढलं. प्रकरण लवादात गेलं. २००८ चा निवाडा म्हणतो: टांझानियानं ब्रिटनशी केलेला गुंतवणूक करार मोडला, मालमत्ता हिरावल्यासारखं वागलं, आणि भरपाई शून्य. कारण तोवर त्या धंद्याची किंमतच उरली नव्हती. जिंकलं कोण? यावर एक अख्खा प्रबंध उभा राहतो. शिवाय त्यात स्वयंसेवी संस्थांना म्हणणं मांडू दिलं होतं, पाणी हा हक्क की माल हाही मुद्दा आला होता.

दक्षिण आफ्रिकेचं प्रकरण वेगळ्या चालीचं. वर्णभेदानंतर खाणींत कृष्णवर्णीयांना वाटा देणाऱ्या कायद्याविरुद्ध इटली-लक्झेंबर्गच्या गुंतवणूकदारांनी २००७ मध्ये दावा लावला. २०१० मध्ये त्यांनीच तो सोडला, खर्चापोटी चार लाख युरो दिले. पण सरकार चपापलं ते चपापलंच. पुढे त्यांनी युरोपशी केलेले जुने करार एकेक करून संपवले आणि २०१५ मध्ये स्वतःचा गुंतवणूक कायदा केला.

भारतानंही याच सुमारास बरंचसं असंच केलं. कोल इंडियाच्या वादात आपल्या न्यायालयांत झालेल्या दिरंगाईबद्दल २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हाइट इंडस्ट्रीजच्या बाजूनं निवाडा गेला. मग करारांचा नवा मसुदा आला आणि जुने करार डझनावारी रद्द झाले. दोन देश, एकच दुखणं, औषधं मात्र वेगळी: त्यांनी देशांतर्गत कायदा केला, आपण कराराचा नमुनाच बदलला. ही तुलना भारतातल्या विद्यार्थ्यानं नाही करायची तर कोणी?

महाराष्ट्रातल्यांसाठी तर याहून जवळचं आहे. गुहागर तालुक्यातला एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प आठवतो ना? तो बंद पडल्यावर त्यातल्या भागीदार जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या अमेरिकी कंपन्यांनी भारताला आंतरराष्ट्रीय लवादात खेचलं ते भारत-मॉरिशस करारावरून, मॉरिशसमध्ये नोंदलेल्या आपल्या कंपन्यांच्या नावानं. २००५ मध्ये तडजोड झाली. मॉरिशस हा आफ्रिकी संघाचा सदस्य. म्हणजे आफ्रिकेतल्या एका बेटाशी केलेला करार अमेरिकेच्या हातून कोकणात येऊन चावला. आफ्रिकेच्या अभ्यासकांना मॉरिशस हे भांडवलाचं दार म्हणून खटकतं. आपण त्या दाराच्या दुसऱ्या बाजूला उभे आहोत.

एक सावधगिरी. नायजेरिया आणि पीअँडआयडी नावाच्या कंपनीचं प्रकरण बघून मुलं हरखतात. कधीच न बांधलेल्या वायू प्रकल्पासाठी २०१७ मध्ये साडेसहा अब्ज डॉलरहून जास्त भरपाई, व्याजासकट ती अकरा अब्जांवर गेली, आणि २०२३ मध्ये लंडनच्या हायकोर्टानं लाच आणि फसवणूक सिद्ध धरून नायजेरियाच्या बाजूनं कौल दिला. सिनेमासारखं आहे खरं. पण तो लवाद कंत्राटावरचा होता, दोन देशांच्या करारावरचा नव्हे. हा फरक विसरून पीअँडआयडी आणि बायवॉटर एकाच प्रकरणात घातलेत, तर परीक्षक तिथेच पेन्सिल टेकवतील.

कागद? पुष्कळसे निवाडे व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या 'इटालॉ' या संकेतस्थळावर फुकट मिळतात. सगळे नाही, काही गोपनीयच राहतात. भरपाईच्या भागात आकडेमोड येते. कॉमर्स करून लॉकडे आलेल्यांची इथे चंगळ, बाकीच्यांनी सीए मित्र धरून ठेवावा.

अरुशा आणि बांजुल

मानवी हक्कांची आफ्रिकी सनद १९८१ मध्ये स्वीकारली गेली आणि १९८६ मध्ये लागू झाली. तिचं वेगळेपण शीर्षकातच आहे: माणसाचे आणि लोकसमूहांचे हक्क. विकासाचा हक्कही तिच्यात बंधनकारक म्हणून लिहिलाय. आयोग गांबियातल्या बांजुलला, न्यायालय टांझानियातल्या अरुशाला.

इथलं वाचायलाच हवं असं प्रकरण म्हणजे ओगिएक. केनियातल्या माऊ जंगलात मध गोळा करून, शिकार करून राहणारा हा समाज. २००९ मध्ये वनखात्याची नोटीस आली: तीस दिवसांत बाहेर पडा. सरकारचं म्हणणं, जंगल वाचवायचंय. न्यायालयानं २०१७ मध्ये ठरवलं, की जंगलाचा ऱ्हास ओगिएकांनी केल्याचा पुरावाच सरकारनं दिला नाही, जमिनीवर त्यांचा हक्क आहे. २०२२ मध्ये भरपाईचा आदेशही निघाला. आपल्या वनहक्क कायद्याची, मेंढा-लेखाची ओळख असलेल्याला यातला प्रत्येक मुद्दा कुठेतरी ऐकलेला वाटेल.

निकाल फुकट, प्रिटोरिया विद्यापीठाची आफ्रिकी मानवी हक्कांची पत्रिकाही फुकट. दुखणं आहे ते अंमलबजावणीचं. नागरिकाला थेट दाद मागू देणारी घोषणा रवांडानं २०१६ मध्ये मागे घेतली, बेनिन आणि आयव्हरी कोस्टनं २०२० मध्ये. त्यांच्या आधी २०१९ मध्ये टांझानियानं, म्हणजे खुद्द यजमानानं. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या देशांच्या विकास समुदायाच्या (एसएडीसी) न्यायाधिकरणानं २००८ मध्ये झिम्बाब्वेच्या जमीन जप्तीविरुद्ध निकाल दिला आणि दोन वर्षांत राष्ट्रप्रमुखांनी त्या न्यायाधिकरणालाच कुलूप घातलं. 'निकाल लागतो, पुढे काय?' हा प्रश्न ज्याला सतावतो त्यानं हीच वाट घ्यावी.

मग कोणती? आकड्यांना घाबरत नसाल तर गुंतवणूक, आणि त्यातही एकच देश. वेळ कमी असेल, मार्गदर्शक फारसे भेटत नसतील, तर ओगिएक. सगळे कागद घरबसल्या मिळतात. फ्रेंचवाल्यांनी सीमा. हेगला जायचंच असेल तर आधी माझ्या परीक्षकांच्या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून काढा.

मध्यंतरी एका मुलीला मी अर्धा तास मॉरिशस पटवत होतो. तिनं ओगिएक घेतलं. वडील चंद्रपूरकडे वनरक्षक होते. पहिलं प्रकरण आणलं त्यात केनियाच्या वनखात्याची बाजू इतकी ताकदीनं मांडली होती, की निकाल माहीत असूनही सरकार हरतंय यावर माझा विश्वास बसेना. दुसऱ्या प्रकरणाला तिला चार महिने लागले.