आठ दिवसांत चेहरा साफ करणारी डबी

तिशी-पस्तिशीत ज्यांच्या हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने मुरुम येतात, अशा बायकांसाठी हे लिहिते आहे. इन्स्टाग्रामवर एखाद्या ‘स्किन कोच’चं पॅकेज घ्यायचं मनात असेल आणि अजून पैसे भरले नसतील, तर आधी हे वाचा.

या वयात मुरुम आले की प्रत्येकाकडे सल्ला तयार असतो. कॉलेजात होतो तेव्हा “लग्न झालं की जातील” म्हणणारी माणसंच आता “पोटात उष्णता आहे, सब्जा घे, गुलकंद खा, रक्तशुद्धीचा काढा घे” म्हणतात. ऑफिसात जेवताना कुणीतरी विचारतंच, “अगं, हे काय झालंय तोंडाला?” दुखतात ते वेगळंच. हनुवटीखालची एकेक गाठ आठवडाभर ठणकते आणि गेली तरी काळा डाग ठेवून जाते. त्यामुळे कुणी नीट ऐकून घेणारं भेटलं की बरं वाटतं. हा धंदा करणाऱ्यांना ते पक्कं माहीत असतं.

माझी कोच व्हिडिओ कॉलवर तासभर माझं ऐकत होती. पाळी वेळेवर येते का, झोप किती, पोट साफ होतं का, घरात टेन्शन आहे का, सगळं विचारलं. मग म्हणाली, “ताई, तुमचा प्रॉब्लेम स्किनचा नाहीच, आतड्यांचा आहे. डॉक्टर काय, गोळ्या लिहून देतात आणि मोकळे होतात. आपण मुळापासून बरं करू.” तीन महिन्यांचं पॅकेज 18,000 रुपयांचं. त्यात आहाराचा तक्ता, कोमट पाण्यातून घ्यायची एक पावडर, कॅप्सूलच्या दोन बाटल्या आणि एक नाइट क्रीम. क्रीमचा उल्लेख तिने शेवटी, जाता जाता केला. “ते आपलं वरून लावायला. हर्बल आहे.”

आहार मात्र कडक होता. गहू बंद, तांदूळ बंद, दूध-दही बंद, साखर-गूळ बंद, तूरडाळ, शेंगदाणे, टोमॅटो, वांगं, केळं, आंबा, सगळं बंद. श्रावणात सुरुवात केली, म्हणजे सणावारी घरात पुरण शिजतंय आणि मी दुधीचं सूप पीत बसलेली. रोज ताटाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. कुणी अर्धी पोळी खाल्ली तर सगळ्यांसमोर बोलणी. 

या सगळ्याचा उपयोग काय होता, ते मला नंतर कळलं. माणूस इतकं सोडतो, इतकं सोसतो, की चेहरा सुधारला तर श्रेय पथ्यालाच देतो. त्या डबीकडे कुणाचं लक्षही जात नाही.

डबीचं वर्णन मुद्दाम सविस्तर करते. पांढरी प्लॅस्टिकची, साधारण 30 ग्रॅमची. झाकणावर हिरव्या पानाचं स्टिकर, खाली इंग्रजीत ‘प्युअर हर्बल’. घटक लिहिलेले नाहीत, बॅच नंबर नाही, बनवल्याची तारीख नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, लायसन्स नंबर नाही. आत फिकट पिवळं, गुळगुळीत मलम. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबला येतो तसा वास, वर गुलाबाचा सेंट. सूचना दोन: फ्रिजमध्ये ठेवा, आणि लावून उन्हात जाऊ नका. घरगुती उटण्याला असल्या सूचना कशाला लागतील?

आठ दिवसांत चेहरा साफ झाला. गाठी बसल्या, लाली गेली, रंगही उजळला. गौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका माझ्या गालाला हात लावून विचारत होत्या, काय लावतेस म्हणून. कोचने लगेच फोटो मागवला आणि ‘आधी-नंतर’ असा जोडून जाहिरातीत टाकला, डोळ्यांवर काळी पट्टी ओढून. एवढं मात्र लक्षात ठेवा. असल्या जाहिरातीत आपण बघतो की फोटोत फिल्टर मारलाय का, माणूस तोच आहे का. माझ्या फोटोत काहीही खोटं नव्हतं. तो दुसऱ्या आठवड्यातला फोटो होता, इतकंच. चौथ्या महिन्यातला फोटो तिथे कधीच लागत नाही.

पुढची डबी पॅकेजमध्ये धरलेली नाही, हे पहिली संपल्यावर कळलं. 1,800 रुपये वेगळे. दिवाळीत कुरिअर बंद होतं, क्रीम यायला उशीर झाला आणि चार दिवसांत तोंडाची आग व्हायला लागली. पाणी लागलं तरी झोंबायचं. गॅससमोर उभं राहिलं की चेहरा लालबुंद. कपाळावर आणि गालांवर, जिथे आधी कधी काही नव्हतं तिथे, एकसारख्या आकाराच्या बारीक पुटकुळ्या उठल्या. घाबरून फोटो पाठवले. उत्तर आलं: “अरे वा ताई, टॉक्सिन्स बाहेर पडतायत! ही हीलिंग क्रायसिस आहे. आता सोडलंत तर सगळं वाया जाईल.” आणि त्याच मेसेजखाली 7,500 रुपयांच्या ‘डीप डिटॉक्स’ची पैसे भरायची लिंक.

या उत्तराचा मला आजही सगळ्यात जास्त राग येतो. बरं वाटलं तर त्यांच्यामुळे, बिघडलं तरी त्यांचंच औषध काम करतंय म्हणून. आपल्या अंगाची होणारी आगसुद्धा त्यांच्या बाजूचा पुरावा ठरते. मी ग्रुपवर एवढंच विचारलं, क्रीममध्ये घटक कोणते आहेत? मेसेज उडवला आणि पाच मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं. 

त्याच सुमारास थकवा आणि केस गळणं इतकं वाढलं की आमच्या फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्टमध्ये टीएसएच एकदम खाली आणि टी-फोर वर. थायरॉइड जास्त काम करतंय असा सरळ अर्थ निघत होता. पण डॉक्टरांना माझी नाडी, वजन, लक्षणं जुळेनात. त्यांनी विचारलं, “केसांसाठी-त्वचेसाठी काही कॅप्सूल घेताय का?” मी बाटली नेऊन दाखवली. एका कॅप्सूलमध्ये बायोटिन, म्हणजे बी गटातलं एक जीवनसत्त्व, 10,000 मायक्रोग्रॅम. माणसाची रोजची गरज 30 ते 40 मायक्रोग्रॅम असते. एवढ्या मात्रेतलं बायोटिन थायरॉइड बिघडवत नाही, पण काही प्रयोगशाळांच्या तपासणीची पद्धतच चुकवतं आणि रिपोर्ट खोटा येतो. हार्ट अटॅकसाठी करतात त्या ट्रोपोनिनच्या तपासणीतही असा घोळ होऊ शकतो, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्येच तसा इशारा दिला आहे. कॅप्सूल बंद करून काही दिवसांनी पुन्हा तपासलं, थायरॉइड ठीक होतं. आमचे डॉक्टर सावध नसते तर नसलेल्या आजाराच्या गोळ्या सुरू झाल्या असत्या. त्याच बाटलीत बी-12ची मात्राही भरमसाट होती, आणि बी-12 जास्त झालं तर काही जणांना त्यानेच मुरुम उठतात. बाटलीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘औषधी वापरासाठी नाही’. पूरक आहाराच्या बाटलीवर हे छापावंच लागतं. फोनवर मात्र तीच बाटली ‘हॉर्मोनचं औषध’ म्हणून विकली होती.

त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले तेव्हा डबी बरोबर नेली. मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, “किती दिवसांत फरक पडला होता?” आठ दिवसांत म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. मग भिंगातून चेहरा बघितला आणि आरसा माझ्या हातात दिला. नाकाच्या बाजूला लाल, केसासारख्या बारीक रेषा. गालांवर पूर्वी नव्हती अशी लव. त्वचा पातळ, चकचकीत. “लॅबमध्ये तपासल्याशिवाय डबीत नेमकं काय ते लेखी सांगता येणार नाही,” त्या म्हणाल्या, “पण चेहरा स्टेरॉइडचा आहे.”

त्यांनी समजावलेलं थोडक्यात सांगते. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन ही स्टेरॉइड मलमं इसब, सोरायसिस अशा आजारांत ठरावीक दिवस लावायची चांगली औषधं आहेत. चेहऱ्यावर महिनोन्महिने लावली की घात होतो. स्टेरॉइड सूज दाबतं, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून मुरुम बसतात आणि रंग उजळ दिसतो. मूळ कारण तसंच राहतं. उतू जाणाऱ्या दुधावर झाकण दाबून धरावं, तसं. मलम थांबवलं की दुप्पट उसळतं, म्हणून माणूस पुन्हा तीच डबी मागवतो. बऱ्याचदा त्यात रंग उजळवणारं हायड्रोक्विनोन आणि मुरुमांवरचं ट्रेटिनॉइनही मिसळलेलं असतं. पिवळसर मलम, फ्रिज, ऊन टाळा या सूचना ऐकून मॅडमना तीच शंका आली. आपल्याकडे हा प्रकार इतका बोकाळला आहे की त्वचारोगतज्ज्ञांची देशपातळीवरची संघटना, आयएडीव्हीएल, गेली कित्येक वर्षं त्याविरुद्ध बोलते आहे. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. पण नाव काढून, डबीत भरून, पानाचं स्टिकर लावून घरपोच पाठवली की चिठ्ठी मागणार कोण?

कोचने मला आयसोट्रेटिनॉइनची, म्हणजे जास्त वाढलेल्या मुरुमांवर डॉक्टर देतात त्या गोळ्यांची, फार भीती घातली होती. “लिव्हर जातं ताई, आयुष्यभर भोगाल.” ते औषध साधं नाही हे खरंच. गरोदरपणात ते घेतलं तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं, म्हणून ते चालू असताना आणि बंद केल्यावरही महिनाभर गर्भ राहू द्यायचा नसतो, लिव्हर आणि रक्तातली चरबी तपासत राहावं लागतं. पण डॉक्टर हे सगळं तोंडावर सांगून, तपासण्या करून देतात. मला स्टेरॉइड देणारीने त्याचं नावसुद्धा घेतलं नाही.

मला आयसोट्रेटिनॉइन लागलंच नाही. आधी ते मलम सोडवणं, त्वचा शांत करणं, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. त्यातच बरेच महिने गेले. मग मूळ मुरुमांकडे वळलो. जबड्याच्या कडेचे मुरुम, पाळीच्या आधी वाढणारे, म्हणून हॉर्मोनच्या तपासण्या आणि सोनोग्राफी झाली, पीसीओएस, म्हणजे हॉर्मोन बिघडून पाळी अनियमित होणारा अंडाशयाचा त्रास, आहे का बघायला. मग लावायची औषधं सुरू झाली: रात्री अडॅपलीन, सकाळी 2.5 टक्क्यांचं बेन्झॉइल पेरॉक्साइड. जास्त टक्क्यांचं घेतलं तर फायदा फारसा वाढत नाही, जळजळ मात्र वाढते. काही बायकांना स्पायरोनोलॅक्टोन ही हॉर्मोनचा परिणाम रोखणारी गोळी देतात, तीही गरोदरपणात चालत नाही. मॅडमनी सुरुवातीलाच बजावलं होतं, या औषधांचा फरक दिसायला दोन ते तीन महिने लागतात. तसेच लागले.

आणि आहाराचं खरं काय? अगदीच काही नाही असं नाही, म्हणूनच तर हे लोक त्याच्याआड लपू शकतात. साखर, मैदा, गोड पेयं असं रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारं खाणं कमी केलं तर काहींचे मुरुम कमी होतात, याला बऱ्यापैकी आधार आहे. दुधाचा, त्यातही साय काढलेल्या दुधाचा, आणि जिममधल्या व्हे प्रोटीनचा संबंध काही जणांत दिसतो. झिंकचा थोडाफार उपयोग होतो. पण तूरडाळीने, वांग्याने, ज्वारीच्या भाकरीबरोबरच्या ठेच्याने मुरुम येतात असं कुणी दाखवून दिलेलं नाही. दोन वेळचं जेवण तोडून मला मिळालं काय, तर अशक्तपणा. आता मी भाकरी-भाजी, वरण, दही सगळं खाते, चहात साखर निम्मी.

पैसे भरण्याआधी एवढं बघाच. समोरच्याची पदवी विचारा. त्वचेच्या डॉक्टरकडे एमबीबीएसनंतर त्वचारोगातलं एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा असतो आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो. ‘सर्टिफाइड कोच’ ही पदवी नाही. बाटलीवरचा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, 14 अंकी क्रमांक फक्त खाद्यपदार्थाचा परवाना आहे, त्याने मुरुम बरे होतात असा दाखला मिळत नाही. आणि बिल मागा. माझ्याकडून पैसे कुणाच्या तरी खासगी यूपीआयवर घेतले गेले, बिल कधी दिलंच नाही, आणि मी तक्रार करणार म्हटल्यावर इन्स्टाग्राम खात्याचं नावच बदललं. माझा फोटो अजून तिथेच आहे.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवली आहे. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी अर्ज दिला आणि न उघडलेली शेवटची डबी दाखल केली. अजून निकाल आलेला नाही. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो, ती तयारी चालू आहे. तक्रारींसाठी उपयोगी पडल्या त्या गोष्टी: पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट, कुरिअरची पावती, ग्रुपमधून काढण्याआधी जतन केलेलं चॅट आणि दर आठवड्याचे चेहऱ्याचे फोटो.

तुमच्याकडे अशी बिननावाची डबी असेल आणि ती लावणं चालू असेल, तर ती फेकू नका आणि मनाने औषधं बदलत बसू नका. तशीच उचलून त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. मलम कसं सोडायचं हे तेच चेहरा बघून ठरवतील. पहिले काही आठवडे तोंड जास्त लाल होईल, आग होईल. त्या दिवसांत कोचचा फोन येईल. तो उचलू नका.