ड्रम-बफर-रोप, कानबान की कॉनविप? निवड कशावरून करायची

यंत्रांच्या मधल्या जागेत माल साचलेला, डिस्पॅचच्या तारखा तरीही हुकतात आणि रोज सकाळी कोणता जॉब आधी घ्यायचा यावरून वाद. अशा कारखान्यात दोष बहुधा यंत्रांचा नसतो, माल आत सोडण्याच्या पद्धतीचा असतो. त्यावर तीन प्रचलित उपाय आहेत. एलियाहू गोल्डरॅट यांचा ड्रम-बफर-रोप, टोयोटात ताइइची ओनो यांनी घडवलेला कानबान आणि स्पिअरमन, वुडरफ व हॉप यांनी १९९० मध्ये मांडलेला कॉनविप. तिन्ही चालू मालाला, म्हणजे लाइनवर अर्धवट असलेल्या कामाला, लगाम घालतात, पण तो प्रत्येकाने वेगळ्या जागी बांधलेला असतो.

तुलनेसाठी एकच लाइन घेऊ. कटिंग ताशी ६० नग, टर्निंग ४५, मिलिंग ४०, ग्राइंडिंग ३०, इन्स्पेक्शन ५०. सगळ्यात संथ टप्पा ग्राइंडिंग, तोच बॉटलनेक. आठ तासांची एक शिफ्ट, म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त २४० नग. प्रत्येक ऑपरेटरला 'यंत्र रिकामं ठेवू नको' असं सांगितलं, की मिलिंगकडून ४० येतात, ग्राइंडिंग ३० उचलतं आणि त्या एका ठिकाणी शिफ्टला ८० नगांची भर पडते. आज लाइनवर ३,८४० नग असतील, तर जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमाप्रमाणे ३,८४० भागिले २४०, म्हणजे नव्या नगाला बाहेर पडायला सरासरी १६ दिवस लागतात. प्रत्यक्ष यंत्रावरचं काम त्यात काही तासांचं असतं, बाकी सगळी रांग.

कानबान: प्रकार मोजा, मग बोला

कानबानमध्ये लगाम प्रत्येक दोन टप्प्यांमध्ये असतो. पुढच्या टप्प्याने माल उचलला की मोकळं झालेलं कार्ड मागच्या टप्प्याला तेवढाच माल बनवायची परवानगी देतं. कार्ड नाही तर काम नाही. कार्डांची संख्या अशी काढतात: रोजची मागणी गुणिले भरपाईचा काळ, त्यावर सुरक्षेची टक्केवारी, आणि भागिले एका बिनमधले, म्हणजे डब्यातले नग. वरच्या लाइनवर पाच प्रकारचे भाग, प्रत्येकी रोज ४८ नग, भरपाई अर्ध्या दिवसात, सुरक्षा २० टक्के आणि बिन २० नगांचा असेल, तर उत्तर १.४४ येतं, म्हणजे दोन कार्डं. पाच टप्पे आणि पाच प्रकार धरून एकूण माल १,००० नग, जेमतेम चार दिवसांचा. उत्तम.

आता त्याच २४० नगांत ४० प्रकार असतील असं धरा. मागणी कितीही कमी असली तरी प्रत्येक प्रकाराला प्रत्येक टप्प्यावर किमान दोन बिन लागतात, एक वापरात आणि एक भरपाईत. ४० गुणिले २ गुणिले ५ गुणिले २० म्हणजे ८,००० नग, ३३ दिवसांचा माल. आज आहे त्याच्या दुप्पट. बिन पाच नगांचा केला तर साठा घटतो, पण टर्निंगवरचे सेटअप, म्हणजे प्रकार बदलताना यंत्र नव्याने लावणं, इतके वाढतात की ग्राइंडिंगऐवजी टर्निंगच बॉटलनेक होऊन बसतं. शिवाय महिनाअखेरीला मागणी एकदम उसळत असेल तर कार्डांचा हिशेब कोलमडतो. कानबानला आधी उत्पादन समतल, म्हणजे रोज साधारण सारखं, करावं लागतं, आणि नेमका तोच भाग गाळून कार्डं छापली जातात. थोडे प्रकार, स्थिर मागणी, छोटे सेटअप: तिथे कानबानला तोड नाही.

ड्रम-बफर-रोप: बॉटलनेक ठाम असेल तर

इथे वेळापत्रक फक्त ग्राइंडिंगचं बनतं, तो ड्रम. माल त्याच्यापर्यंत ठरलेला वेळ आधी पोहोचावा म्हणून बफर, आणि त्याच गतीने माल आत सोडायचा तो रोप. बफर नगांत नाही, वेळेत मोजतात.

ऑर्डरवर चालणाऱ्या कारखान्याला याचं सुटसुटीत रूप पुरतं. त्यात एकच बफर असतो आणि तो नग बाहेर पडायला सध्या लागणाऱ्या दिवसांच्या निम्मा धरून सुरुवात करतात, इथे ८ दिवस. स्वीकारलेल्या ऑर्डरींचं ग्राइंडिंगवर ६ दिवसांचं काम बाकी असेल, तर नव्या ऑर्डरला त्यात अर्धा बफर मिळवून दहाव्या दिवसाची तारीख द्यायची आणि माल तिच्या आठ दिवस आधी, म्हणजे दुसऱ्या दिवशी सोडायचा. त्याआधी नाही. बफरचे तीन समान भाग हिरवा, पिवळा, लाल; तारखेआधीचा शेवटचा भाग लाल. सकाळी फक्त लाल जॉब कुठे अडकलेत ते बघायचं. ठोकताळा असा की लाल ऑर्डरी पाच टक्क्यांहून कमी असतील तर बफर कमी करता येतो, दहाच्या वर गेल्या तर वाढवायचा किंवा अडण्याचं कारण शोधायचं. प्रकार ५ असोत की ४०, हिशेब तोच राहतो. या लाइनसारख्या ठिकाणी माझा कौल म्हणूनच याला.

बिघडतं ते बहुतेक वेळा रोपमध्ये. टर्निंगचा ऑपरेटर रिकामा दिसला की सुपरवायझर पुढच्या आठवड्याचा जॉब आजच सोडतो, आणि दोन आठवड्यांत साठा पूर्वपदावर. प्रत्येक यंत्राचा वापर टक्क्यांत मोजून त्यावर बोनस देणाऱ्या कारखान्यात ही पद्धत टिकत नाही, आधी ते मोजमाप बंद करावं लागतं. दुसरी चूक म्हणजे ग्राइंडिंगनंतर सापडणारं रिजेक्शन. तिथे गेलेला एक खराब नग संपूर्ण कारखान्याचे दोन मिनिटं खातो, म्हणून मिलिंगच्या दोषांची तपासणी ग्राइंडिंगच्या आधी हवी. जेवणाच्या सुट्टीत ते यंत्र बदली माणसावर चालतं ठेवायचं. आणि मिलिंगची जादा क्षमता 'वाया जाते' म्हणून काढून घेतली, तर बंद पडलेल्या यंत्रानंतर बफर परत भरायला कुणी उरत नाही.

कॉनविप: बॉटलनेक जागा बदलत असेल तर

संपूर्ण लाइनला एकच मर्यादा. शेवटी एक लॉट बाहेर गेला की सुरुवातीला एक आत. कालच्या ऑर्डरींत ग्राइंडिंग अडलं, आजच्या मिश्रणात मिलिंग, असं होत असेल तर ड्रम कोणता मानायचा हेच ठरत नाही. कॉनविपला त्याची फिकीर नसते. मर्यादेचा गणिती तळ म्हणजे बॉटलनेकची गती गुणिले न थांबता लागणारा वेळ: ताशी ३० आणि १० तास, तर ३०० नग. एवढ्या कमी मालावर प्रत्यक्षात लाइन चालत नाही, पहिल्याच बिघाडात ती उपाशी राहते. आजच्या पातळीपासून सुरू करून दर आठवड्याला थोडं थोडं उतरवावं आणि रोजचे बाहेर पडणारे नग घटू लागले की थांबावं. जॉब लहानमोठे असतील तर मर्यादा नगांत नको, कामाच्या तासांत मोजा.

त्याची उणीव इन्स्पेक्शन बंद पडलं की दिसते. माल शेवटी साचतो, आत काही येत नाही, आणि काही वेळाने ग्राइंडिंग मालाविना थांबतं. ड्रम-बफर-रोपमध्ये रोप ग्राइंडिंगलाच बांधलेला असल्याने ते चालू राहतं. इन्स्पेक्शनची क्षमता ५० असल्याने साचलेलं नंतर उपसता येतं, पण ग्राइंडिंगचा गेलेला तास भरून निघत नाही.

ईआरपीवर सोडलं तर?

ईआरपी म्हणजे कारखान्याचा सगळा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर. खरेदीच्या कच्च्या मालासाठी ते तिन्ही पद्धतींत लागतंच. शॉप फ्लोअरवर मात्र त्यातली मूळ एमआरपी, म्हणजे कोणता माल कधी लागेल ते काढणारी पद्धत, प्रत्येक टप्प्याला ठरीव दिवस धरते आणि क्षमता अमर्याद मानते. उशीर झाला की कुणीतरी सिस्टिममधले दिवस वाढवतो, माल आणखी लवकर सुटतो आणि रांग आणखी लांबते.

निवडीआधीची दोन कामं

पहिलं, बॉटलनेक खरंच कुठे आहे ते पाहा. चार आठवडे रोज ठरलेल्या वेळी प्रत्येक यंत्रापुढे किती तासांचं काम पडलंय ते लिहा, नगांची संख्या नको. ढीग एकाच जागी राहिला तर ड्रम-बफर-रोप, फिरत राहिला तर कॉनविप. मात्र फिरता ढीग कधीकधी फसवा असतो. मोठे लॉट एकदम पुढे सरकले की त्यांच्यासोबत ढीगही सरकतो.

म्हणून दुसरं काम, पुढे पाठवायचा लॉट लहान करा. २०० नगांचा लॉट टर्निंग, मिलिंग, ग्राइंडिंग असा पूर्ण होऊनच पुढे गेला तर ४.४, ५ आणि ६.७ मिळून १६ तास लागतात. सेटअप २०० नगांचाच ठेवून दर २० नग पुढे पाठवले, तर तेच काम साधारण ७.६ तासांत संपतं. यासाठी जास्तीची ट्रॉली आणि एक हेल्पर लागतो, पण सेटअप एकही वाढत नाही. हे केल्यावर ढिगांची नोंद पुन्हा घ्या, कारण पहिल्या नोंदीतला 'फिरता बॉटलनेक' त्यात अनेकदा एका जागी येऊन थांबतो.