मोबदला कामाचा की कुरणाच्या गुणांचा?

फुलांनी भरलेली जुनी कुरणं टिकवायची, तर ती राखणाऱ्या शेतकऱ्याला पैसे मिळायला हवेत. प्रश्न फक्त कशाचे, हा आहे.

ठरलेल्या कामाचे दिले, तर हिशेब सोपा: अमुक तारखेआधी कापणी नाही, रासायनिक खत बंद, जनावरांची संख्या मर्यादित. उत्पन्न पक्कं. पण हंगाम पुढेमागे झाला तरी तारीख हलत नाही. बी कधीच गळून गेलेलं असतं आणि गवत उभ्याउभ्या वाळून चाऱ्याचा कस जातो.

दुसरी पद्धत गुणांची. आयर्लंडच्या बरेन भागात कुरणाला १० पैकी गुण देतात. गुण वाढले की रक्कम वाढते. कुरणातून चालत ठरलेल्या यादीतली फुलझाडं शोधायची, साचलेल्या वाळक्या गवताचा थर, पाणवठ्याभोवतीची तुडवण आणि झुडपांची वाढ पाहायची. चराई कधी थांबवायची ते शेतकरीच ठरवतो, आणि हेच या पद्धतीचं खरं बळ. मात्र दुष्काळात त्याचा दोष नसताना गुण घसरतात. शिवाय बिघडलेलं कुरण सुधारायला वर्षं लागतात. तोवर घर कशावर चालणार?

लहान शेतकऱ्यासाठी निव्वळ गुणांची पद्धत आम्हाला अन्यायाची वाटते. मूळ रक्कम कामाची, वरची गुणांची आणि झुडपं तोडणी, कुंपण यांचा खर्च वेगळा द्यावा.