समोरच्या माणसाबद्दल मनात पाल चुकचुकली तर जागेवरून उठायचं, की 'उगाच कोणाबद्दल वाईट नको' म्हणून बसून राहायचं?

नाईट शिफ्ट नुकतीच लागलीय अशा मैत्रिणींसाठी लिहितेय, कारण रात्रीच्या लोकलमध्ये हा प्रश्न येतोच. लेडीज डबा अगदी रिकामा असेल तर मी जनरलमध्ये चढते, तुमचं वेगळं असू शकतं.

बसून राहणाऱ्यांची बाजू हलकी नाहीये हां. कपडे मळके, भाषा वेगळी, नाव वेगळ्या धर्माचं, एवढ्यावर भीती वाटत असेल तर ती लहानपणापासून कानावर पडलेली भीती असते. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला 1 जुलै 2018 ला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या 5 जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. संशय ओरडून चारचौघांत मांडला की काय होतं ते तिथे दिसलं.

पण बसून राहण्यात मला जे सहन होत नाही ते म्हणजे डोक्यात चालू होणारी ती सुनावणी. थकला असेल बिचारा, सहज बघत असेल, आपण उठलो तर त्याला काय वाटेल, आणि हे चालू असतानाच डोंबिवली जाते, कल्याण जातं, डबा रिकामा होत जातो आणि टिटवाळ्याच्या पुढे तर स्टेशनं लांब लांब, उतरायचं म्हटलं तरी वाट बघावी लागते.

मला एकदा अस्वस्थ केलं ते इस्त्रीचा शर्ट, गळ्यात आयडी, गोड बोलणाऱ्या माणसाने. कुठे उतरणार, घ्यायला कोणी येतं का, हे फिरून फिरून विचारत होता आणि बाकडी रिकामी असून जवळ सरकत होता. मी ठाण्याला उतरले, मागची गाडी पकडली. त्याच्या मनात काय होतं ते मला कधीच कळणार नाही, आणि त्याचंही काही बिघडलं नाही, स्टेशनवर माणसं उतरतातच की.

म्हणून मी तरी उठण्याच्या बाजूने आहे, फक्त तो माणूस कसा दिसतो ते न बघता काय करतोय ते बघून. हेच आपल्यातल्याच कोणी केलं असतं तर उठले असते का? हो असेल तर उठायचं, का उठलो ते कोणाला सांगत बसायची गरज नाही. अंगावर येत असेल, पाठलाग करत असेल तर मात्र सरळ रेल्वे पोलिसांचा 1512 किंवा रेल्वेच्या हेल्पलाइनचा 139 लावायचा, दोन्ही नंबर आजच सेव्ह करा.